अटॅकसाठी लॅक्रोसचं हेड कोणतं घ्यावं? नागपूरच्या खेळाडूंचे आणि पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सरावानंतर मैदानाच्या कडेला, पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आणि कधीकधी रात्री अकरानंतर फोनवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. लॅक्रोस म्हणजे जाळी लावलेल्या स्टिकने बॉल पकडत, फेकत गोल करायचा खेळ. पुढे राहून गोल करणारे ते अटॅक, त्यांना अडवणारे ते डिफेन्स. प्रश्न विचारणाऱ्यांच्याच भाषेत ठेवलेत. एकदा सांगितलेली गोष्ट पुन्हा लिहिलेली नाही. तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. बहुतेक आकडे मुलांच्या मैदानी खेळाचे आहेत. मुलीसाठी स्टिक घ्यायची असेल तर प्रश्न १० आधी वाचा.

१. सर, हेड म्हणजे पूर्ण स्टिक का?

नाही. स्टिकचे तीन भाग. हातात धरायची दांडी म्हणजे शाफ्ट, तिच्या टोकाला स्क्रूने बसवलेला प्लास्टिकचा सांगाडा म्हणजे हेड, आणि त्यात विणलेली जाळी म्हणजे पॉकेट. हेडच्या वरच्या कडेला स्कूप म्हणतात, दोन्ही बाजूंना साइडवॉल, आणि शाफ्टला लागून असलेल्या अरुंद भागाला थ्रोट. पूर्वी ही सगळी स्टिक एकाच लाकडाची, वाकवून केलेली असायची. प्लास्टिकचं हेड १९७० मध्ये बाजारात आलं आणि तेव्हापासून हेड वेगळं, शाफ्ट वेगळा अशी खरेदी सुरू झाली. दुकानात नुसतं हेड घेताना जाळी विणलेली आहे की नाही, हे विचारून घ्या. बरीच हेड रिकामी येतात.

२. अटॅकवाल्याला वेगळं हेड कशाला? डिफेन्सच्या पोराची स्टिक घेऊन खेळलं तर काय बिघडते?

डिफेन्सची लांब स्टिक ५२ ते ७२ इंचांची असते, अटॅकची ४० ते ४२ इंचांची. म्हणजे शाफ्टच मुळात वेगळा. हेडचं म्हणाल, तर डिफेन्सवाला समोरच्याच्या स्टिकवर आणि हातावर ठोकतो, म्हणून त्याचं हेड जाड आणि कडक. अटॅकवाला तेच ठोके खात बॉल सांभाळतो आणि अर्धा सेकंद मोकळा मिळाला की सोडतो. त्याला हलकं हेड हवं, बॉल दरवेळी एकाच रेषेतून बाहेर पडेल असं. रिकामी हेड साधारण १३० ते १६० ग्रॅमची असतात. वीस-तीस ग्रॅमचा फरक हातात घेतल्यावर जाणवत नाही, चौथ्या क्वार्टरमध्ये मनगटाला बरोबर कळतो.

सरावात डिफेन्सचं हेड लावून खेळलात तर काहीही बिघडत नाही.

३. मुलगा नवीन आहे. सुरुवातीलाच भारी हेड घेऊन टाकू का?

नका घेऊ. पहिले काही महिने भिंतीवर बॉल मारण्यात आणि पडलेला बॉल उचलण्यात जातात. त्याला साधी, विणून आलेली पूर्ण स्टिक पुरते. मुलगा दोन्ही हातांनी न बघता पकडू लागला, की त्याला स्वतःलाच कळतं आपल्याला काय कमी पडतंय. तेव्हा हेड घ्या. शाफ्ट तोच राहू द्या. मुलांची बहुतेक हेड एकाच मापाच्या शाफ्टवर बसतात.

पण खेळण्यांच्या दुकानात मिळते ती छोटी स्टिक घेऊ नका. तिच्यात खरा बॉल नीट बसत नाही. खरा बॉल भरीव रबराचा, १४२ ते १४९ ग्रॅमचा असतो, म्हणजे क्रिकेटच्या बॉलपेक्षा किंचित लहान आणि हलका. टेनिस बॉलवर सवय झाली की नंतर खऱ्या बॉलवर पुन्हा शून्यातून सुरुवात करावी लागते.

४. खरं सांगा, हेड महत्त्वाचं की जाळी?

जाळी. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

हेड हा सांगाडा आहे. बॉल त्याला जेमतेम शिवतो. बसतो जाळीत, घसरतो जाळीवरून आणि सुटतो शूटिंग स्ट्रिंगवरून, म्हणजे स्कूपच्या बाजूला जाळीत आडव्या ओवलेल्या दोऱ्यांवरून. जाळी नीट विणलेली असेल तर मधल्या दर्जाचं हेड उत्तम चालतं. वाकडी विणलेली असेल तर सगळ्यात महागड्या हेडमधूनही बॉल एकदा डावीकडे जाईल, एकदा उजवीकडे. आमच्याकडे ‘हेड खराब आहे’ म्हणून आलेल्या बहुतेक तक्रारी जाळी उसवून पुन्हा विणल्यावर मिटल्या.

म्हणून बजेट ठरवताना हेडवरचे थोडे पैसे कमी करा आणि चांगल्या मेशवर, म्हणजे जाळीच्या तयार तुकड्यावर घाला. दहा डायमंडची (रुंदीत दहा चौकटींची), मध्यम कडक मेश अटॅकसाठी ठीक. अगदी मऊ मेशमध्ये बॉलचा अंदाज चांगला येतो, पण ती लवकर सैल पडते. आणि विणायला शिका. एका रविवारची दुपार आणि जुनं हेड एवढंच लागतं. साइडवॉलच्या दोन्ही बाजूंच्या गाठी एकाच उंचीवर आल्या पाहिजेत, बाकी सगळं त्यानंतर. ज्याला स्वतःची जाळी विणता येते, त्याला स्पर्धेच्या आदल्या रात्री कोणाला फोन करावा लागत नाही.

५. अरुंद हेड घेऊ की रुंद?

नवशिक्याला रुंद, अनुभवी अटॅकवाल्याला अरुंद, असं ढोबळ उत्तर आहे. रुंद हेडमध्ये पकडायला जागा जास्त. अरुंद हेडमध्ये बॉल मधल्या नळीसारख्या जागेत बसतो, धावताना इकडेतिकडे डुलत नाही आणि सुटताना रेषा पकडतो. आजकालची बरीच हेड दोन्ही साधतात: वर स्कूपजवळ रुंद, खाली थ्रोटकडे चिमटलेली.

चिमटण्याला मर्यादा आहे. अमेरिकेच्या कॉलेज नियमांत २०१० च्या हंगामापासून थ्रोटजवळ आतलं माप किमान ३ इंच आणि सगळ्यात रुंद जागी किमान ६ इंच ठरवलंय. बॉलचा व्यास अडीच इंच. म्हणजे थ्रोटजवळ बॉलच्या दोन्ही बाजूंना मिळून अर्धाच इंच उरतो. यापेक्षा अरुंद केलं तर बॉल अडकून बसतो, आणि समोरच्याने कितीही ठोकलं तरी पडत नाही. नियम आला तो त्यासाठीच. शालेय, कॉलेज आणि आंतरराष्ट्रीय नियमांची मापं वेगवेगळी असतात, म्हणून आपल्या स्पर्धेत कोणते नियम लागतात ते आयोजकांना विचारूनच हेड घ्या.

६. नागपूरच्या उन्हात हेड वाकते म्हणतात. खरं आहे का? मग कडक घ्यायचं का?

खरं आहे. हेड नायलॉनचं असतं. नायलॉन ५० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागतं, आणि हवेतला ओलावा शोषलेलं असेल तर त्याही आधी. मे महिन्यात आपल्याकडे सावलीत ४५ अंश असतात. बंद कारच्या डिकीत किती होत असेल याचा हिशेब तुम्हीच करा. तिथे इतर सामानाखाली दाबून ठेवलेलं हेड संध्याकाळी बाहेर काढलं, की एका बाजूला कललेलं असतं. थंड झाल्यावर ते तसंच राहतं.

तरीसुद्धा सगळ्यात कडक हेड घ्या असं मी म्हणणार नाही. अटॅकवाल्याला थोडी लवचिकता कामाची असते: ठोका बसला की हेड दबून परत येतं, ग्राउंड बॉल उचलताना जमिनीला अडत नाही. आमचा सल्ला मध्यम कडक. अमेरिकेतल्या परीक्षणांत ‘जरा कडक’ म्हटलेलं हेड नागपूरच्या एप्रिल-मेमध्ये मध्यमच वाटतं. उलट डिसेंबरच्या सकाळी पारा दहाच्या खाली उतरला की तेच हेड ताठ होतं, आणि आधीची बारीक भेग असेल तर अशा सकाळीच तुटतं.

सांभाळायचं कसं? डिकीत ठेवायचं नाही, गच्चीवर ठेवायचं नाही, पत्र्याच्या शेडखाली टांगायचं नाही. घरात, पंख्याच्या खोलीत, स्टिक उभी. उन्हाळ्यात सराव पहाटे घ्या. ते हेडसाठी नाही, पोरांसाठी.

७. कंपनीच्या नावापुढची अक्षरं काय सांगतात?

काही ठिकाणी बरंच. वॉरियरच्या एव्हो क्यूएक्स मालिकेत ‘ओ’ अटॅकच्या बाजूचं आणि ‘डी’ डिफेन्सचं. स्ट्रिंगकिंगच्या मार्क २ मध्ये ‘ए’ अटॅक, ‘व्ही’ सगळ्या जागांसाठी, ‘डी’ डिफेन्स, ‘एफ’ फेस-ऑफ (खेळ सुरू करताना बॉलसाठी होणारी दोघांची झुंज). एसटीएक्सची सर्जन आणि ईसीडीची मिराज ही नावं अटॅकवाल्यांच्या तोंडी जास्त. यांतलं कुठलंही चुकीचं नाही. मॉडेल दर एक-दोन वर्षांनी बदलतात आणि मागच्या वर्षीचं स्वस्त होतं. त्यातला फरक तुमच्या खेळात दिसणार नाही.

८. पॉकेट वर ठेवू, मध्ये की खाली?

अटॅकमध्ये तुम्ही नेमकं काय करता यावर अवलंबून आहे. गोलच्या मागे उभं राहून पास पुरवणाऱ्याला पॉकेट वरच्या बाजूला, स्कूपकडे हवं. बॉल लवकर सुटतो, मनगटाच्या झटक्यात पास जातो. गोलच्या अगदी समोर, गर्दीत पकडून लगेच मारणाऱ्यालाही तेच सोयीचं, आणि त्याने हेड थोडं रुंदच ठेवावं. तिथे पकडलं तरच मारायला मिळतं. माणसाला चकवून आत घुसणाऱ्याला पॉकेट मधोमध आणि बॉल जास्त धरून ठेवणारं लागतं. खालचं पॉकेट लांबून, मोकळ्यात जोरात मारणाऱ्यांचं. अटॅकमध्ये ते कमी दिसतं.

ठरत नसेल तर मधलं. हेड घेताना साइडवॉलचा आकार बघा: कडेने पाहिल्यावर जिथे ती सगळ्यात खाली झुकलेली असते, तिथे पॉकेट सहज तयार होतं. वरच्या पॉकेटसाठी बनवलेल्या हेडमध्ये खालचं पॉकेट विणायचा हट्ट केला, तर जाळी दर आठवड्याला सरकत राहते.

९. पास सारखा जमिनीत जाऊन राहिला. हेड बदलू का?

थांबा. बॉल उशिरा सुटतोय, इतकाच त्याचा अर्थ. शूटिंग स्ट्रिंग जास्त घट्ट झाल्यात किंवा पॉकेट जास्त खोल गेलंय. आधी सगळ्यात वरची स्ट्रिंग थोडी सैल करा आणि दहा-बारा पास मारून बघा. मग दुसरी. दोन्ही एकदम सैल केल्या तर कशाने फरक पडला ते कळत नाही. बॉल उलट डोक्यावरून जात असेल तर तो लवकर सुटतोय, तेव्हा स्ट्रिंग घट्ट करा. एवढं करूनही नाही जमलं तर प्रश्न ४. आणि खरं सांगायचं, तर निम्म्या वेळा दोष खालच्या हाताचा असतो. तो हात ओढायला मुलं विसरतात.

१०. दादाची जुनी स्टिक मुलीला चालेल का? हेड तर सारखंच दिसते.

भिंतीवर सराव करायला चालेल, सामन्यात नाही. मुलींच्या खेळात पॉकेट उथळ असतं: बॉल जाळीत ठेवल्यावर त्याचा वरचा भाग साइडवॉलच्या वर दिसलाच पाहिजे. मुलांमध्ये बॉल साइडवॉलच्या खालच्या कडेपर्यंत उतरू शकतो. म्हणून मुलींचं हेड मुळातच वेगळ्या आकाराचं बनतं. मुलांच्या हेडमध्ये जाळी ताणून काम भागत नाही. मुलींच्या हेडची रुंदी ७ ते ९ इंच. काही मुलींचे शाफ्ट एक इंचाहून थोडे बारीक, म्हणजे सात अष्टमांश इंचाचे असतात. त्यावर मुलांचं हेड ढिलं बसतं.

मुलींच्या अटॅकसाठी निवडीचं सूत्र थोडं बदलतं. पॉकेट उथळ असल्यामुळे बॉल धरून ठेवायचं काम हेडच्या आकारावर जास्त पडतं, त्यामुळे तिथे हेडवर थोडे जास्त पैसे घालणं पटतं. अंगावर धडक नसल्याने फार कडक हेडची गरज नाही.

११. आम्ही तर सिक्सेसच खेळतो. मग अटॅकचं हेड घेण्यात अर्थ आहे का?

हा प्रश्न मागच्या काही वर्षांत वाढला, आणि रास्त आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचं अधिवेशन भरलं, तेव्हा २०२८ च्या लॉस एंजेलिससाठी क्रिकेटसोबत लॅक्रोसही आत आलं, ते या सहा-सहाच्या प्रकारात. ७० बाय ३६ मीटरचं मैदान, ८ मिनिटांचे चार क्वार्टर, हल्ल्याला ३० सेकंद. पूर्ण मैदानी खेळात १० जण असतात आणि अटॅकवाले तिघे शक्यतो पुढेच थांबतात. सिक्सेसमध्ये गोली सोडून सगळे छोट्या स्टिकने खेळतात, आणि सगळेच पुढे जातात, सगळेच मागे येतात.

म्हणून अगदी चिमटलेलं, खास फिनिशिंगचं हेड इथे तोट्याचं. ‘सगळ्या जागांसाठी’ म्हणून येणारं हेड घ्या, मध्यम कडक, स्कूप रुंद, आणि पॉकेट मात्र अटॅकवाल्याचं विणा. सिक्सेसमध्ये तुमची अटॅकची ओळख जाळीत ठेवायची, प्लास्टिकमध्ये नाही.

१२. आमचं मैदान मुरमाचं आहे, पावसाळ्यात काळी माती. स्कूप कसा बघायचा?

स्कूपची पुढची कड जितकी सपाट आणि जमिनीला जितकी कमी कोनात लागते, तितका बॉल सहज वर चढतो. अटॅकच्या काही हेडचा स्कूप टोकदार असतो. बॉल मधून सरळ सुटावा म्हणून तो तसा केलेला. टर्फवर त्याचं काही वाटत नाही. मुरमावर ते टोक खड्याला अडतं आणि बॉल पुढे ढकलला जातो. काळ्या मातीचं उलटं. उन्हाळ्यात भेगा, पावसात चिखल, आणि तो चिखल टोकावर लाडवासारखा चिकटतो. दोन्हीकडे सपाट स्कूपच बरा.

मुरमावर स्कूप झिजतोच. कड खरखरीत झाली तर बारीक पॉलिश पेपर फिरवा. पातळ होऊन आत दबू लागली की हेड सरावाला ठेवा आणि सामन्याला दुसरं न्या.

१३. पाऊस लागला की जाळी पिशवीसारखी होते. काय करायचं?

साधी मेश पाणी पिते आणि ताणते. पॉकेट खोल जातं, बॉल उशिरा सुटतो. मेणाचा लेप असलेली किंवा पाणी न धरणारी मेश मिळते, जून ते सप्टेंबर खेळणाऱ्याने तीच घ्यावी. भिजल्यावर चिखल धुवा, पॉकेटमध्ये वर्तमानपत्राचा बोळा भरा आणि पंख्याखाली वाळवा. उन्हात नको. बॉल आत ठेवून वाळवलं तर पॉकेट आणखी खोल होऊन नियमाबाहेर जाईल (प्रश्न १५).

१४. व्हिडिओत हेड उकळत्या पाण्यात टाकून चिमटवतात. घरी करू का?

करता येतं. मी नव्या हेडवर करू देत नाही. जाळी काढायची, हेडच्या बाजू उकळत्या पाण्यात काही मिनिटं धरायच्या, चिमट्याने बाहेर काढून नाडीने हव्या त्या रुंदीला बांधायचं आणि लगेच थंड पाण्यात. दोन तोटे आहेत. कंपनीची हमी जाते, आणि दोन्ही बाजू सारख्या दबल्या नाहीत तर हेड कायमचं तिरकं होतं. शिवाय आपल्या उन्हाळ्यात ते हळूहळू पुन्हा पसरतं. बाजारात आधीच अरुंद हेड मिळत असताना हा खटाटोप जुन्या, पसरलेल्या हेडपुरताच ठेवा. मोठी माणसं घरात असतील तेव्हाच करा, आणि आईचं स्वयंपाकाचं पातेलं घेऊ नका.

१५. पंच स्टिक तपासतात तेव्हा बघतात काय?

लांबी, हेडची रुंदी, पॉकेटची खोली आणि बॉल सुटतो की नाही. खोलीची चाचणी घरीच करा. स्टिक आडवी धरा, बॉल पॉकेटमध्ये ठेवा आणि डोळा साइडवॉलच्या पातळीवर आणा. मुलांच्या स्टिकमध्ये बॉलचा माथा साइडवॉलच्या खालच्या कडेखाली गेला, तर पॉकेट बेकायदा. मुलींचं प्रश्न १० मध्ये आहे. मग स्टिक पुढे कलती करा. बॉल अडखळल्याशिवाय बाहेर आला पाहिजे. शूटिंग स्ट्रिंगच्या जागेचेही नियम आहेत. ही चाचणी आदल्या दिवशी करू नका, सामन्याच्या सकाळी करा. बाजेची सुतळी जशी वापरता वापरता मधोमध सैल पडते, तशी जाळीही पडते, आणि सराव झाल्यावर ती नेहमीच थोडी जास्त खोल असते.

१६. मी डावखुरा आहे. डाव्या हाताचं हेड मिळते का?

तशी गरजच नाही. हॉकी स्टिकला उजवी बाजू ठरलेली असते, म्हणून हा प्रश्न हॉकी खेळून आलेल्यांकडून हमखास येतो. लॅक्रोसचं हेड दोन्ही बाजूंनी सारखं असतं, आणि अटॅकवाल्याला दोन्ही हात लागतातच. डावखुरा असणं हा अटॅकमध्ये फायदा आहे, मैदानाच्या त्या बाजूला माणसं कमी असतात.

१७. अटॅक खेळतो, पण मधूनच फेस-ऑफलाही पाठवतात. एकच हेड चालेल?

कधीमधी जायचं असेल तर चालेल. नेहमी जायचं असेल तर दुसरी स्टिक. फेस-ऑफचं हेड मुद्दाम खूप लवचिक असतं, बॉलवर दाबलं की वाकतं. अटॅकचं मध्यम कडक हेड रोज तसं दाबलं की थ्रोटजवळ भेग जाते. सिक्सेसमध्ये फेस-ऑफ फक्त क्वार्टरच्या सुरुवातीला असतो, तिथे वेगळं हेड घेऊ नका.

१८. सीताबर्डीत मिळून जाईल का? की बाहेरून मागवू?

क्रीडासाहित्याच्या दुकानात क्रिकेट, बॅडमिंटन, कॅरमनंतर लॅक्रोसचा नंबर क्वचितच लागतो. विचारून बघा, पण हेड निवडायला मिळेल ही अपेक्षा ठेवू नका. परदेशातून मागवलं तर वस्तूच्या किमतीवर कस्टम ड्युटी आणि जीएसटी चढतो, शिवाय कुरिअर. म्हणून हिशेब दारात पोहोचल्याच्या किमतीचा करा. नुसती हेड, मेश आणि स्ट्रिंग छोट्या डब्यात येतात. पूर्ण स्टिकचा लांब डबा महाग पडतो. चार-पाच जणांनी मिळून मागवा, किंवा कोणी तिकडून येत असेल तर बॅगेत आणायला सांगा.

१९. सीनियरचं जुनं हेड स्वस्तात मिळून राहिलं. घेऊ का?

घ्या, पण जाळी काढून बघा. स्क्रूच्या भोकाभोवती आणि थ्रोटच्या आतल्या कोपऱ्यात भेग आहे का? शाफ्टवर बसवून समोरून पाहिल्यावर दोन्ही साइडवॉल सारख्या दिसतात का? दोन्ही बाजू अंगठ्यांनी दाबून सोडा, लगेच परत आल्या पाहिजेत. मूळ रंग पांढरा असून पिवळट पडलेलं हेड बरंच ऊन खाल्लेलं असू शकतं. जाळी त्याच्यासाठी विणलेली आहे, तुमच्यासाठी नाही. ती बदलायचा खर्च धरूनच भाव करा.

२०. हेडला भेग गेली. फेविक्विक लावून किंवा टेप गुंडाळून खेळू का?

नाही. नायलॉनला तो सांधा धरत नाही, आणि सामन्यात तुटलं तर धारदार कड कोणाच्या तरी हातावर बसते. पंचांनाही ते चालत नाही. भेग साइडवॉलवर असो की थ्रोटला, हेड बाद. जाळी अखंड असेल तर सोडवून घ्या, स्क्रूही काढून ठेवा. नव्या हेडला तोच लागतो आणि सुटा मिळायला फार फिरावं लागतं.